आवाजाचा पोत आणि ऑपेरातली भूमिका: सुंदर आवाज कधी चुकीचा ठरतो?

मंद्रसप्तक

गेले आठ दिवस एकच प्रवेश ऐकतो आहे. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'मॅकबेथ' या ऑपेरामध्ये लेडी मॅकबेथ झोपेत चालत येते आणि हातावरचा रक्ताचा डाग पुसत राहते, तो. चार गायिकांची चार ध्वनिमुद्रणं. सूर तेच, शब्द तेच. त्यातल्या एकीचा आवाज इतका स्वच्छ आणि भरलेला, की पहिल्याच ओळीला मान डोलली. आरिया, म्हणजे ते एकटीचं गाणं, संपल्यावर लक्षात आलं, की ती बाई मला दिसलीच नाही. आतून पोखरली गेलेली राणी कुठेच नव्हती, फार सुंदर गाणारी एक गायिका तेवढी होती. दुसऱ्या मुद्रणातला आवाज मधल्या सुरांत पोकळ, कडेला खरखरीत, वर चढताना किंचित हलणारा. तिथे मात्र अंगावर काटा आला.

मग व्हेर्दीचं १८४८ सालचं एक पत्र आठवलं. नेपल्सला 'मॅकबेथ' व्हायचा होता आणि लेडीच्या भूमिकेसाठी युजेनिया तादोलिनी ठरली होती. त्या काळातली नावाजलेली सोप्रानो, म्हणजे बायकांच्या सगळ्यात उंच आवाजाची गायिका. व्हेर्दीनं संहिताकार काम्मारानोला कळवलं की ही निवड योग्य नाही, कारण तादोलिनीचे गुण या भूमिकेला नको इतके चांगले आहेत. ती दिसायला सुंदर, त्याला लेडी कुरूप आणि दुष्ट हवी होती. ती निर्दोष गाते, त्याच्या मते लेडीनं गाऊच नये. तिचा आवाज निर्मळ आणि देवदूतासारखा, त्याला हवा होता रखरखीत, घुसमटलेला, पोकळ आवाज, ज्यात काहीतरी सैतानी आहे.

गायिका फार चांगली गाते ही संगीतकाराची तक्रार! मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच थांबलो होतो.

आपण ऐकणारे सहसा दोनच गोष्टी विचारतो. वरचा सूर लागतो का, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का. पल्ला आणि ताकद. पण दोन गायिकांचा पल्ला सारखा, ताकद सारखी, तरी एक त्या भूमिकेची वाटते आणि दुसरी वाटत नाही. फरक असतो तो पोताचा. आवाज उजळ की सावळा, त्याला धार आहे की गोलाई, त्यातली जवारी कशी आहे, त्याचा.

माझं म्हणणं असं, की हा पोत संगीतकारानं भूमिकेतच लिहून ठेवलेला असतो. आणि तो जुळतो की नाही हे ओळखायचं, तर टिपेच्या सुरावर टाळ्या वाजवून कळत नाही. भूमिकेतली सगळ्यात हळू जागा शोधायची आणि तिथे कान लावायचा. लेडीचा हा प्रवेश ज्या सुरावर संपतो तो तार सप्तकाच्याही वरचा डी फ्लॅट आहे, आणि त्यावर व्हेर्दीनं लिहिलंय 'उन फिल दि वोचे', म्हणजे आवाजाचा नुसता एक धागा. आधीचे अंक गरजण्यात गेलेत, आणि आता हा धागा. तो कुठल्या कापडातून निघाला ते तिथे लपत नाही.

तुमचे अनुभव सांगा. असहमती असेल तर ती आधी सांगा.

श्रवणभक्त

चर्चेचा धागा उत्तम, वाचनखूण साठवली. पण मूळ मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे.

पोत हा जन्माचा असतो हे तुम्ही गृहीत धरलंय. मोठा कलाकार आवाजाला रंग देतो. व्हेनिस, ला फेनिचे, जानेवारी १९४९. गायिका मारिया कॅलस जर्मन संगीतकार वाग्नरची ब्रुनहिल्ड गात होती, म्हणजे भाला-ढालवाली युद्धकन्या. तिथेच बेल्लिनीच्या 'इ पुरितानी'मधली एल्विरा गाणारी मार्गेरिता कारोसिओ आजारी पडली. वाद्यवृंदाचे संचालक तुल्लिओ सेराफिन यांनी कॅलसला ती भूमिका शिकायला लावली. एल्विरा म्हणजे नाजूक, वेडसर झालेली, ताना-पलट्यांनी भरलेली मुलगी. त्याच महिन्यात, त्याच थिएटरात, कॅलसनं दोन्ही गायल्या. तुमच्या हिशेबानं एका गळ्यात हे दोन पोत मावायला नकोत.

आणि १९५२ च्या डिसेंबरात मिलानच्या ला स्काला थिएटरच्या हंगामाची सुरुवात तिनं लेडी मॅकबेथनंच केली. म्हणजे तीन अगदी वेगळ्या बायका झाल्या.

मंद्रसप्तक

काका, उदाहरण जबरदस्त आहे, पण मला ते उलट्या बाजूनं दिसतं. या तिन्ही भूमिकांत कॅलसचा आवाज ओळखू येतो. एक सूर ऐकला की कळतं. पोत तोच, तिनं बदलला तो उजेड. मधल्या सुरांवर पडदा ओढल्यासारखा, खाली जवळजवळ दुसऱ्याच बाईचा, वर धारदार. अनेकांना तो आवाज सुंदर वाटतच नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांना मी चूक ठरवणार नाही. पण ते जोड, तो पडदा, ती धार हे सगळं तिनं भूमिकेच्या कामाला लावलं. एल्विराच्या वेडात तो पडदा दुःखाचा होतो, लेडीच्या झोपेत तोच पापाचा होतो. एकजिनसी, गुळगुळीत गळ्याला हे करायला जागाच कमी असते, असं माझं मत.

व्हायोलावाला

मी वाद्यवृंदात व्हायोला वाजवतो, ऑपेरातही बसलोय. रंगमंचापुढच्या खड्ड्यात वाद्यवृंद बसतो, तिथून ऐकणाऱ्याचं थोडं सांगतो.

तालमीच्या खोलीत पियानोच्या बाजूला उभी असलेली गायिका कानठळ्या बसवते, आणि रंगमंचावर आमचा सगळा ताफा वाजायला लागला की नाहीशी होते. दुसरी एक खोलीत पातळ वाटते, जरा टोचरीच, आणि आम्ही साठ-सत्तर जण वाजवत असताना तिचा प्रत्येक शब्द डोक्यावरून पलीकडे जातो. पहिल्या वर्षी मला हे कोडंच होतं.

त्याचं उत्तर योहान सुंडबेर्ग या स्वीडिश संशोधकाच्या कामात मिळालं. वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर साधारण ४५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथून वर गेलं की तो झपाट्यानं उतरतो. तालीम झालेला ऑपेरागायक, विशेषतः पुरुष, स्वरयंत्राच्या लगेच वरची नळी अरुंद आणि तिच्यामागची घशाची पोकळी रुंद ठेवतो. त्यामुळे ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजात एक जादा शिखर तयार होतं. वाद्यवृंद तिथे दुबळा, माणसाचा कान तिथे तीक्ष्ण. मायक्रोफोन नसताना माणूस ऐकू येतो तो असा. इटालियन लोक या झळाळीला 'स्क्विल्लो' म्हणतात. तेव्हा 'मोठा आवाज' आणि 'पोचणारा आवाज' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोचणं हे ताकदीपेक्षा पोताचंच काम आहे.

या धाग्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, ते शिखर बासमध्ये, म्हणजे पुरुषांच्या सगळ्यात खालच्या आवाजात, जरा खाली असतं आणि टेनरमध्ये, म्हणजे उंच आवाजात, जरा वर. म्हणून एकच सूर बासनं आणि टेनरनं गायला तरी डोळे मिटून ओळखता येतं. घशापासून ओठांपर्यंतच्या नळीची लांबी प्रत्येकाची वेगळी, ती काही रियाजानं बदलत नाही. इथे मी मंद्रसप्तक यांच्या बाजूचा.

सोप्रानोचं गणित वेगळं. फार वरच्या सुरांवर ती जबडा उघडत जाते, म्हणजे तोंडातला अनुनाद सुराच्या बरोबरीनं वर सरकतो. आवाज फुलतो, पण शब्दांतले स्वर (अ, इ, उ) एकमेकांत मिसळतात. 'ई' आणि 'ऊ' तिथे सारखेच वाटतात. संगीतकाराला हे माहीत असेल तर तो महत्त्वाचे शब्द तिथे ठेवत नाही.

अवांतर: जर्मनीत बायरॉइटच्या आपल्या थिएटरात वाग्नरनं वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकून बसवला, १८७६ पासून तो तसाच आहे. तिथे जो गायक शोभतो तो उघड्या खड्ड्याच्या थिएटरात त्याच भूमिकेत बुडू शकतो. म्हणजे भूमिका कुणाची, हे अंशतः इमारतही ठरवते.

नवखी

खूप शिकायला मिळतंय. एक प्राथमिक प्रश्न. 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधली रोझिना मी सोप्रानोच्याही आवाजात ऐकली आणि मेझोच्याही, म्हणजे सोप्रानोहून जरा खालच्या जातीच्या. पोत जर भूमिकेत लिहिलेला असतो, तर एका भूमिकेला दोन जातींचे आवाज कसे चालतात?

दुसरा_अंक

@नवखी, प्राथमिक नाही, अगदी मर्मावरचा प्रश्न आहे.

संगीतकार रॉसिनीनं रोझिना खालच्या आवाजासाठी लिहिली. १८१६ मध्ये रोमला ती पहिल्यांदा गायली ती जेल्त्रुदे रिगेत्ती-जॉर्जी, काँट्राल्टो, म्हणजे बायकांचा सगळ्यात खालचा आवाज. पुढे सोप्रानो गायिकांना ती भूमिका हवीशी झाली, म्हणून तिची पहिली आरिया 'ई' मेजर या पट्टीतून 'एफ' मेजरमध्ये वर उचलली गेली आणि वरच्या ताना घातल्या गेल्या. नुसता अर्धा सूर! पण मुलगी बदलली.

तुम्हीच ऐकून बघा. त्या आरियेत रोझिना म्हणते, मी गरीब स्वभावाची आहे, आज्ञाधारक आहे, मला कसंही वळवा. मग एक छोटा शब्द येतो, 'मा'. म्हणजे 'पण'. पण माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत तर मी नागीण होईन. सोप्रानो हा 'मा' म्हणते तेव्हा लाडिक मुलगी ओठ पुढे काढते. काँट्राल्टो किंवा मेझो तोच शब्द छातीच्या सुरात ठेवते, आणि तिचा पालक, म्हातारा बार्तोलो, या मुलीला कोंडून ठेवू शकणार नाही हे तिथेच कळतं. पुढची सगळी गोष्ट त्या एका शब्दात आहे.

दोन्ही चालतात हे खरं. दोन्ही सारख्याच योग्य आहेत असं मला वाटत नाही. खालच्या आवाजात विनोद जास्त खोल जातो.

कोवळा_सूर

बरेच दिवस नुसती वाचक होते. या धाग्यावर लिहायलाच हवं असं वाटलं, कारण हे माझ्या गळ्यावर घडलेलं आहे.

मी गाणं शिकायला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझा बोलण्याचा आवाज खालचा आणि जाडसर. पहिल्याच तासाला शिक्षकांनी दोन स्केल ऐकल्या आणि सांगितलं, तू मेझो. मला आनंदच झाला, कारण मेझोच्या भूमिका मला आवडायच्या. चार वर्षं मी तेच गायले. आवाज अधिकाधिक सावळा, अधिकाधिक 'मोठ्या बाईसारखा' करत गेले आणि त्याबद्दल कौतुकही झालं.

तो सावळेपणा मी बनवत होते. कसा, ते सांगते. जिभेचं मूळ मागे आणि खाली दाबायचं, स्वरयंत्र जबरदस्तीनं खाली धरायचं, ओठ पुढे काढून शब्दांतले स्वर झाकायचे. स्वतःच्या कानाला आवाज भव्य वाटतो, कारण तो डोक्याच्या आत घुमत असतो. बाहेर तो चार रांगांपलीकडे जात नाही. व्हायोलावाला म्हणतात ती झळाळी यात मरूनच जाते. तिसऱ्या वर्षापासून गाऊन झाल्यावर जबडा दुखायचा, हनुवटीखाली बोट लावलं तर दगडासारखं लागायचं. चौथ्या वर्षी मधल्या तीन-चार सुरांवर हवा सुटायला लागली. मी विचारलं, तर उत्तर मिळालं की रियाज वाढव.

शेवटी दुसऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी मला काहीही मोठं गायला सांगितलं नाही. एक 'ऊ' घेऊन हळूहळू खालून वर जायला सांगितलं आणि एवढंच ऐकलं, की आवाज कूस कुठे बदलतो. त्याला पासाज्जो म्हणतात, आवाज लावण्याच्या एका पद्धतीतून दुसरीत जाण्याची जागा. मेझोचा तो सहसा जरा आधी येतो. माझा आला तो लिरिक, म्हणजे हलक्या-मऊ, सोप्रानोच्या जागी. त्या म्हणाल्या, आवाजाची जात रंगावरून ठरवू नकोस, आवाज कुठे वळतो आणि कुठे बसून दमत नाही त्यावरून ठरव. बसण्याच्या त्या पट्ट्याला टेस्सितुरा म्हणतात. एखादा वरचा 'सी' कुणीही एकदा मारेल. पण अंकभर ज्या पट्ट्यात राहायचंय तिथे तुमचं घर आहे का?

तेव्हा मंद्रसप्तक, तुमचं पोताबद्दलचं म्हणणं मला पटतं, पण एक भीती वाटते. पोत ऐकून भूमिका देणारे लोक खरा पोत आणि ओढूनताणून आणलेला पोत यात फरक करतात का? माझ्या बाबतीत चार वर्षं कुणी केला नाही.

श्रवणभक्त

कोवळा_सूर, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललो. आता आवाज कसा आहे?

आणि तुमच्या मुद्द्यावरूनच सांगतो, जर्मन थिएटरांत आवाजांचे 'फाख' असतात, म्हणजे कप्पे: सुब्रेट (हलका, खेळकर), लिरिक, नाट्यमय, कलोरातुरा (ताना-पलट्यांचा) वगैरे. गायकाला ठरावीक फाखसाठी घेतात आणि त्याच्या भूमिका त्यावरून ठरतात. हेतू गळा वाचवण्याचाही आहे, हलक्या आवाजावर वाग्नर लादला जाऊ नये. पण कप्पाच चुकीचा पडला तर तोच पिंजरा होतो.

आता माझा मूळ विरोध पुढे नेतो. 'योग्य पोत' ही गोष्ट काळानुसार बदलते. १८३७ मध्ये पॅरिसला जिल्बेर द्युप्रेनं रॉसिनीच्या 'गियोम तेल'मध्ये वरचा 'सी' छातीच्या भरदार आवाजात घेतला. त्याआधीचे टेनर तो सूर हलक्या, डोक्यातल्या आवाजात घेत. लोक वेडे झाले. खुद्द रॉसिनीला तो सूर गळा चिरलेल्या कोंबड्याच्या ओरडण्यासारखा वाटला! ज्यानं ती भूमिका मुळात घडवली तो आदोल्फ नूरी पॅरिस ऑपेरा सोडून इटलीला गेला, नवी पद्धत शिकायची धडपड केली, ती साधली नाही. १८३९ मध्ये नेपल्सला त्यानं आयुष्य संपवलं. संगीतकाराच्या मनातला पोत नूरीचा होता. जग मात्र द्युप्रेच्या मागे गेलं, आणि आज त्या जागी हलका सूर घेतला तर लोक म्हणतील टेनरला जमला नाही. मग भूमिकेत लिहिलेला पोत कुठे राहिला?

मंद्रसप्तक

काका, हे मला सरळ नाकारता येत नाही. नूरीची गोष्ट मला माहीत होती, पण या प्रश्नाच्या समोर ठेवून कधी पाहिली नव्हती. विचार करून लिहितो.

दुसरा_अंक

तोपर्यंत मी माझी लाडकी जागा मांडते. पोताचं महत्त्व कळायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

रिचर्ड स्ट्राउसचा 'डेर रोझनकावालिअर', ड्रेस्डेन, १९११. शेवटच्या अंकात तीन बायकांच्या आवाजांचं त्रिकूट आहे. मार्शालिन, तिशी ओलांडलेली, जिला कळतंय की आपला तरुण प्रियकर आज आपल्याला सोडून जाणार. ओक्टाव्हियन, तो सतरा वर्षांचा प्रियकर, ज्याची भूमिका मेझो गायिका करते. आणि सोफी, ज्या कोवळ्या मुलीसाठी तो जातो. तिघीही साधारण एकाच उंचीवर वावरतात, ओळी एकमेकींवरून जातात, शब्द फारसे कळतच नाहीत. प्रेक्षकाला कोण काय सोसतंय हे कळतं ते फक्त पोतावरून. मार्शालिनचा आवाज ऊन उतरल्यावरच्या भिंतीसारखा, उबदार आणि कडेला थकलेला. ओक्टाव्हियनचा गडद आणि अस्वस्थ. सोफीचा चांदीच्या तारेसारखा, त्यात अजून काहीच घडलेलं नाही. तिघींचे आवाज एकसारखे निवडले की ते त्रिकूट गोड मिश्रण होतं आणि गोष्ट बुडते. मी असा एक प्रयोग ऐकलाय. सूर सगळे बरोबर होते, आणि मार्शालिन दार ओढून निघाली तेव्हा मला काहीच झालं नाही.

लोट्टे लेहमान या गायिकेनं आयुष्यात तिन्ही भूमिका गायल्या. आधी सोफी, मग ओक्टाव्हियन, मग मार्शालिन. लीझा देल्ला काझानंही तिन्ही केल्या. म्हणजे पोत जन्माचा असला तरी त्याचं वय होतं. वयाबरोबर आवाजात खालून एक सावली येते, सोफी अंगाबाहेर जाते आणि मार्शालिन अंगाला बसायला लागते. गायिकेला ते कळायला लागतं, आणि कळलं की सोडावंही लागतं. ते सोडणं किती जड असेल.

व्हायोलावाला

दुसरा_अंक, दंडवत. ते त्रिकूट वाजवताना खड्ड्यातही कुणी मान वर करत नाही. १९४९ मध्ये स्ट्राउसच्या अंत्यविधीला म्युनिकला हेच त्रिकूट गायलं गेलं.

याच संगीतकाराचं उलटं उदाहरण म्हणजे 'सालोमे', १९०५. त्याला सोळा वर्षांची राजकन्या हवी होती आणि तिचा गळा इझोल्डेचा, म्हणजे वाग्नरच्या सगळ्यात जड भूमिकेचा. वर शंभराहून जास्त वादकांचा वाद्यवृंद. पहिल्या प्रयोगाची मारी व्हिटिश गळ्यानं भारी होती, पण सात पडद्यांचा नाच करायला तिनं नकार दिला आणि तो नर्तकीनं केला. ज्या गळ्याला तो वाद्यवृंद पेलतो तो क्वचितच सोळा वर्षांचा वाटतो. ही भूमिका पोतातच विरोध घेऊन जन्मली आहे. दर वेळी काहीतरी सोडावं लागतं.

ध्वनिमुद्रणात मात्र पळवाट आहे. १९७२ मध्ये जोन सदरलंडनं झुबिन मेहतांच्या दिग्दर्शनाखाली 'तुरांदोत' मुद्रित केलं. तिची ओळख बेल्लिनी-डोनिझेत्तीच्या ताना गाणारी म्हणून. तुरांदोत ही बर्फाची राजकन्या सहसा पोलादी गळ्याच्या गायिका करतात. तिनं ती रंगमंचावर कधीच गायली नाही, पण ते मुद्रण ऐकलं की बर्फाच्या आत एक घाबरलेली मुलगी दिसते. मायक्रोफोननं तेवढी मुभा दिली.

मंद्रसप्तक

काल रात्री बसून इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनचा 'पीटर ग्राइम्स' हा ऑपेरा दोनदा ऐकला, दोन वेगवेगळ्या ग्राइम्सचा. काकांच्या प्रश्नाला उत्तर तिथे सापडतंय असं वाटतं.

ग्राइम्स हा गावानं वाळीत टाकलेला कोळी. १९४५ मध्ये लंडनला ही भूमिका पीटर पिअर्सनं घडवली. ब्रिटननं ती त्याच्याच गळ्यासाठी लिहिली. पहिल्या अंकात बाहेर वादळ आहे, गाव पबमध्ये जमलंय, दार उघडतं आणि ग्राइम्स आत येऊन ताऱ्यांबद्दल गायला लागतो. ती ओळ एकाच सुरावर आहे. 'ई', पुन्हा 'ई', पुन्हा 'ई', आणि खाली तंतुवाद्यं हळूहळू उतरत जातात. टेनरसाठी ही जागा पासाज्जोच्या तोंडावर येते, जिथे बहुतेकांचा आवाज डगमगतो. पिअर्सचा नेमका तोच सूर सर्वांत देखणा होता, म्हणून ब्रिटननं अख्खी आरिया त्या एका खुंटीवर टांगली. मोत्सार्टनं १७७८ मध्ये वडिलांना लिहिलं होतं, की आरिया गायकाला चांगल्या बेतलेल्या कपड्यासारखी मापात बसलेली आपल्याला आवडते. इथे ते माप एका सुराचं आहे. पिअर्सचा पोत पातळ, किंचित अनुनासिक, या जगात न रुळलेला. तो ऐकताना गावकरी याला का घाबरतात तेही कळतं आणि हा कुणाचं वाईट करणार नाही असंही वाटतं.

मग जॉन व्हिकर्स. १९६७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनला त्यानं ही भूमिका केली. त्याचा गळा ओटेल्लो आणि ट्रिस्टान अशा जड भूमिकांचा, कातळासारखा. ब्रिटनला त्याचा ग्राइम्स रुचला नव्हता असं सांगतात. पिअर्सचा कपडा व्हिकर्सला बसायलाच नको. पण त्या 'ई'वर व्हिकर्स काय करतो? तो आवाज आवळतो, जवळजवळ पुटपुटतो. एवढा मोठा माणूस एवढ्याशा सुरात मावायचा प्रयत्न करतोय, हे दिसतं. पिअर्सच्या तोंडी ती ओळ स्वप्न होती, इथे ती धोका झाली. पुढे मुलावर हात उगारणारा तो हाच, असं तिथेच वाटतं.

दोघांचाही पोत लागू पडला. तेव्हा मी माझं वाक्य बदलतो. भूमिकेत एकच पोत लिहिलेला नसतो. लिहिलेली असते ती एक अवघड जागा, आणि त्या जागेवर आवाजाला काहीतरी खरं करावं लागतं. त्या पहिल्या मुद्रणातल्या गायिकेनं डी फ्लॅटचा धागा अचूक काढला होता, पण त्यात तिचं स्वतःचं काही पणाला लागलं नव्हतं. काका, नूरी आणि द्युप्रे दोघांनाही ती जागा सापडली असणार. फक्त थिएटरला एका वेळी एकच हवा होता, याचं मात्र मला खरंच वाईट वाटतं.

श्रवणभक्त

आता पूर्ण सहमत. ग्राइम्स दोन्ही ऐकणार. आणि द्युप्रेबद्दल एवढंच, की त्याच्यानंतर लिहिणाऱ्यांनी तो नवा आवाज धरूनच लिहिलं. तो नसता तर व्हेर्दीचा ओटेल्लो कुणी गायला असता?

नवखी

रोझिनाचा 'मा' काल सहा वेळा ऐकला. तीन सोप्रानो, तीन मेझो. दुसरा_अंक, तुमचं बरोबर आहे, पण एका सोप्रानोनं त्या शब्दाआधी इतका वेळ घेतला की मला नागीण दिसली. तिनं पोताऐवजी थांबण्यावर काम भागवलं. हे चालतं का?

दुसरा_अंक

@नवखी, चालतं, आणि तुम्हाला ते ऐकू आलं याचा फार आनंद झाला.

कोवळा_सूर

श्रवणभक्त काका, विचारल्याबद्दल मनापासून आभार. आवाज आता बरा आहे. पहिले आठ महिने नुसते स्वर आणि श्वास, एकही आरिया नाही. जिभेचं मूळ सोडलं की माझा आवाज मला बारीक आणि उघडा वाटायचा, अंगावर पुरेसे कपडे नसल्यासारखा. रडू यायचं.

सध्या 'मॅजिक फ्लूट'मधली पामिना बसवते आहे. तिचा प्रियकर तामिनो, त्यानं मौनाचं व्रत घेतलंय, तो बोलत नाही, आणि तिला वाटतं त्याचं प्रेम संपलं. तिथली तिची आरिया 'जी' मायनर पट्टीत, साथीला वाद्यं अगदी मोजकी, लपायला जागा नाही. मंद्रसप्तक म्हणतात तशी त्यातली अवघड जागा म्हणजे मधली वरच्या 'बी फ्लॅट'पर्यंत जाणारी ओळ. तिथे जोर करून चालत नाही आणि झाकूनही चालत नाही. पूर्वी मी तो सूर जाड करून घेतला असता. परवा बाईंनी मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाल्या, तिला तो ऐकतोय की नाही हे माहीत नाही, तूही माहीत नसल्यासारखी गा. पहिल्या दोन खेपांना सूर थरथरला. तिसऱ्या खेपेला तो लागला, बारीक, सरळ, आणि माझाच होता. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पियानोवर पुढचे सूर वाजवले आणि मी ओळ पूर्ण केली.